वाघासमोरचा फोटो

हंबीरराव सुर्वे यांनी बत्तीस वर्षं एकच काम केलं. सयाजीगंजात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून ते छापून आलेल्या फोटोंवरचे डाग काढायचे. नवरीच्या गालावरची पुटकुळी, वऱ्हाडातल्या एखाद्या मामाच्या टकलावरची चकाकी, कागदावर राहिलेला पांढरा ठिपका. हाताशी मुंगीच्या पायाएवढ्या टोकाचा ब्रश, चिनी मातीच्या बशीत कालवलेले रंग आणि डोळ्याला लावायचं घड्याळजीसारखं भिंग. त्यांचा हात फिरला की फोटोत काही बिघडलं होतं हे फोटो काढणाऱ्यालाही ओळखता यायचं नाही.

माझ्या मुलीचा डावा डोळा त्यांनी असाच दुरुस्त केला होता. त्यामुळे चार महिने आम्हाला काही कळलं नाही. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण ते स्वतःदेखील पुढे कुणी विचारलं तर स्वतःविषयी इथूनच सांगायचे.

बडोद्यात सुर्व्यांसारखी घरं बरीच आहेत. कधीकाळी गायकवाडांच्या फौजेत होती, राज्य विलीन झालं आणि मग कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी दुकानात पांगलं. हंबीररावांचे आजोबा साठमार होते. उंच भिंतींच्या आखाड्यात मस्तीला आलेल्या हत्तीला डिवचायचं, तो अंगावर धावून आला की भिंतीतल्या अरुंद दारातून पलीकडे निसटायचं, आणि हे सगळं महाराज आणि पाहुणे वर बसून बघायचे. आजोबांचं एक वाक्य हंबीरराव गिऱ्हाइकांना ऐकवत. "सोंडेकडे बघणारा मरतो. हत्ती काय करणार ते आधी त्याच्या डोळ्यात येतं."

माझे यजमान रमाकांत युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवत. कॉलेजातून घरी येताना त्या स्टुडिओत डोकावायची त्यांना सवय. एकदा मी बरोबर होते.

"काय हंबीरराव," रमाकांत म्हणाले, "आजोबा हत्तीपुढे उभे राहायचे आणि तुम्ही ब्रश घेऊन बसलात."

हंबीररावांनी मान वर केली नाही. "ब्रशही अंगावर येतो, रमाकांतभाई. फक्त हळू येतो."

तेव्हा आम्ही हसलो.

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत माझे धाकटे दीर, वसंतभावजी, मस्कतहून आले आणि त्यांनी रमाकांतना कॅमेरा आणला. तोवर आमच्याकडे पेटीसारखा जुना कॅमेरा होता. हा हातात मावणारा, सगळं आपोआप करणारा. रीळ स्वतः गुंडाळायचा, उजेड कमी वाटला की स्वतःच फ्लॅश उडवायचा. आधी वापरून बघायचा तर कशावर, तर कमाटीबागेतल्या प्राण्यांवर, असं ठरलं. ते हलले तरी रागवायला नको आणि चारूलाही फिरवणं होईल. चारू म्हणजे चारुलता, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा पावणेतीन वर्षांची.

उतरायणाच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही मांजलपूरहून स्कूटरवर निघालो. चारू पुढे उभी. वाटेत मी तीनदा सांगितलं, मांजा आडवा येईल, हळू चालवा. बागेत पोचल्यावर रमाकांत बाकावर बसून कॅमेऱ्याची पुस्तिका वाचायला लागले.

"अंधार वाटला की आपोआप उजेड पडतो, असं लिहिलंय."

"अंधार आहे की नाही ते कॅमेरा ठरवणार?" मी विचारलं.

"हो. तुझ्यासारखाच आहे. जिथे तिथे अंधार दिसतो त्याला."

छत्तीस फोटोंचं रीळ. पहिले दहा वाया गेले असणार हे आम्हाला तिथेच कळलं होतं. अस्वलाने ऐन वेळी पाठ केली. मोर पिसारा मिटून चालता झाला. माकडांच्या पिंजऱ्याशी रमाकांत इतके पुढे गेले की एका माकडाने कॅमेऱ्याची दोरी धरली आणि मी ओरडायच्या आत सोडलीही. चारूला मात्र मजा वाटत होती. प्रत्येक पिंजऱ्यासमोर ती उभी राही, आणि बघताना नुसती नजर न वळवता अख्खी मान डावीकडे वळवून बघे. मला वाटलं नवीन लकब आहे. मुलांना दर महिन्याला एक नवी लकब लागते.

पाणघोड्याकडून वाघाकडे जाताना एक माणूस पतंगांचा भारा खांद्यावर घेऊन आमच्या डाव्या बाजूने येत होता. रस्ता रुंद होता, माणूस हळू चालत होता. चारू सरळ त्याच्यात घुसली. दोन पतंग फाटले. तो बिचारा गुजरातीत एवढंच म्हणाला की बघून चाल, "बेबी, जोईने चाल ने." मी त्याची माफी मागितली आणि चारूला रागावले की डोळे कुठे आहेत तुझे. हे मी म्हटलं होतं. वाघासमोर पोचायच्या आधी, बरोबर याच शब्दांत.

वाघाच्या पिंजऱ्याजवळ मोठं झाड होतं आणि दुपारीही तिथे सावली असे. वाघ गजांच्या अगदी जवळ, पंजांवर हनुवटी टेकून पडला होता. रमाकांतनी चारूला कठड्यापाशी उभं केलं.

"एवढी पुढे नको," मी म्हटलं.

"अगं, मध्ये कठडा आहे, गज आहेत, आणि तो जेवून झोपलाय."

"झोपला नाहीये. बघतोय."

"मग चांगलंच आहे. डोळे येतील फोटोत."

चारू म्हणाली, "बाबा, वाघ माझ्याकडे बघतोय."

"तू माझ्याकडे बघ. इकडे. हं."

फ्लॅश उडाला. वाघाने डोकं उचललं आणि त्याच्या घशातून एक घरघर आली. फार मोठी नव्हती, पण ती कानाला लागायच्या आधी पायाखालच्या फरशीतून जाणवली. मी चारूला उचलून घेतलं. माझ्या खांद्यावरून ती वाघाकडे बघत होती, मान पुन्हा तशीच वळवून.

"एकच काढला," रमाकांत चिडून म्हणाले. "पंधरा काढायचे होते."

एकच फोटो निघाला, तो असा.

रीळ स्टुडिओत दिलं. आठ दिवसांनी मी आणायला गेले तेव्हा हंबीरराव स्वतः पाकीट घेऊन बाहेर आले. छत्तीसातले तेवीस फोटो बरे होते. त्यांनी एकेक काउंटरवर मांडला. शेपूट, अर्धं अस्वल, कॅमेऱ्याकडे हात केलेलं माकड. शेवटी वाघासमोरचा.

"या नवीन कॅमेऱ्यांचं हे असं आहे, वहिनी. फ्लॅश भिंगाच्या शेजारी असतो, मग डोळे चमकतात. लेकीच्या डोळ्यातली चमक काढून दिलीय. वाघाची तशीच ठेवलीय. वाघ काही तक्रार करायला यायचा नाही."

मी हसले आणि आभार मानले. खरोखरच सुंदर होता फोटो. मागे वाघाचे दोन हिरवे दिवे आणि पुढे चारूचे डोळे, दोन्ही जांभळासारखे काळे. बाहेर आलेल्या स्टुडिओच्या मालकांनी, शेठनीही तो हातात घेऊन बघितला. "बेन, हंबीरभाईनो हाथ एटले मारी दुकान," ते म्हणाले. हंबीररावांचा हात म्हणजेच त्यांचं दुकान, असं. मी तो फोटो छोट्या फ्रेममध्ये घालून बैठकीच्या कपाटात ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा संध्याकाळी मी चारूच्या केसांना तेल लावत होते. ती जमिनीवर माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि पाठीमागच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड माझ्या खांद्यावरून तिच्या तोंडावर पडत होता. तिने मान वर केली आणि तिच्या डाव्या डोळ्यात काहीतरी चकाकलं. रस्त्यावरच्या मांजराच्या डोळ्यात मोटारीचा उजेड पडल्यावर चकाकतं तसं. मी तिची हनुवटी धरली तर गेलं. पुन्हा तसं बसवलं तर दिसेना.

रमाकांतना सांगितलं. त्यांनी चारूला दिव्याखाली उभं करून दोन्ही डोळे बघितले. "काही नाहीये."

"मी बघितलं."

"मागच्या महिन्यात तू तिच्या पाठीत गाठ बघितली होतीस. तो मणका निघाला."

ते खरं होतं. तिच्या खोकल्यासाठी मी एका आठवड्यात तीनदा गेले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आजारी नक्की कोण आहे असं विचारलं होतं, "बेन, मांदुं कोण छे, बेबी के तमे?" आणि दवाखान्यातली सगळी माणसं हसली होती. त्या हसण्याने मला लाज वाटली होती. त्यामुळे या वेळी मी ठरवलं की आधी खात्री करून घ्यायची. दुसऱ्या दिवशी रमाकांत कॉलेजात गेल्यावर मी कपाटातला फोटो खिडकीशी नेला. समोरून काढलेला, दोन्ही डोळे स्पष्ट. डावाही काळा, उजवाही काळा. मी बराच वेळ बघत राहिले आणि मला बरं वाटलं. माणसाच्या डोळ्याला भास होतो, कॅमेऱ्याला होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मार्चमध्ये ती चकाकी आणखी दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी फोटो काढून बघितला आणि परत ठेवला. एप्रिलमध्ये चारू दाराच्या चौकटीला आपटायला लागली, नेहमी डाव्या खांद्याने. मी चौकटीला कापड बांधलं.

मे महिन्यात तिचा तिसरा वाढदिवस झाला. घरात, पंख्याखाली, पडदे ओढून. त्याच कॅमेऱ्याने रमाकांतनी उरलेलं अर्धं रीळ संपवलं आणि स्टुडिओत देऊन आले.

तीन दिवसांनी भर दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर हंबीरराव उभे होते. ते कधी आमच्या घरी आले नव्हते, आणि दुकान चालू असताना खिडकीजवळची जागा सोडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. बसने आले होते, स्टँडपासून चालत. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. हातात कापडी पिशवी.

"रमाकांतभाई आहेत?"

"कॉलेजात आहेत. या ना काका, बसा. पाणी आणते."

"पाणी मागेन मी," ते म्हणाले. ते बसले नाहीत. "वहिनी, तो वाघासमोरचा फोटो आहे का अजून?"

मी कपाटातून फ्रेम काढून दिली. त्यांनी मागचे खिळे वाकवून फोटो बाहेर काढला, पिशवीतलं भिंग डोळ्याला लावलं, आणि तसेच उभे राहिले.

"एका वाटीत पाणी द्या. आणि थोडा कापूस."

मी आणून दिलं. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, कापूस भिजवून पिळला, त्याचं टोक केलं, आणि चारूच्या चेहऱ्यावर टेकवलं. पहिल्यांदा उजव्या डोळ्यावर. काळा रंग हळूहळू कापसावर आला आणि खाली लाल निघालं.

"हे नेहमीचं आहे," ते म्हणाले. "हे सगळ्यांचं असतं. मी रोज काढतो."

मग डाव्या डोळ्यावर. तिथे त्यांचा हात थांबला. नंतर त्यांनी कापसाची दुसरी बाजू घेतली आणि टेकवली. काळं निघालं. खाली पांढरं होतं. लाल नाही, हिरवं नाही. चुन्याच्या ठिपक्यासारखं पांढरं.

त्या फोटोत आता वाघाचे दोन आणि माझ्या मुलीचा एक, असे तीन डोळे चमकत होते.

"मी रंगवला होता," हंबीरराव म्हणाले. "लाल काय, पांढरा काय, मला वाटलं उजेड जास्त लागला असेल. रीळभर जनावरांचे डोळेच चमकत होते, वहिनी. त्याच्या ओघात हाही. विचार केला नाही. काल वाढदिवसाचे फोटो आले. सहा फोटो समोरचे. सहाही ठिकाणी उजवा लाल आणि डावा पांढरा. जागा बदलली, कपडे बदलले, हा बदलला नाही. मग मला हा आठवला. अठ्ठावीस वर्षांत असा डोळा पाहिला नाही. काय असेल ते मला माहीत नाही. चांगलं नसेल."

आवाज ऐकून चारू आतून आली. हंबीरराव गुडघ्यांवर बसले. "बेटा, इकडे ये. एक गंमत." त्यांनी एका हाताने तिचा उजवा डोळा झाकला आणि दुसरा हात तिच्या तोंडासमोर धरला. "किती बोटं आहेत?"

चारूने मान इकडे तिकडे फिरवली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, दार सताड उघडं होतं.

"आई," ती म्हणाली, "लाईट गेली."

पुढचं मी थोडक्यात सांगते. त्याच संध्याकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतो आणि चौथ्या दिवशी मुंबईला. डोळ्याच्या आत गाठ होती. ती मागच्या नसेतून मेंदूकडे जाते, अजून गेलेली दिसत नाही, थांबायला वेळ नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळा काढावा लागला. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते सभ्य गृहस्थ होते, त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं. "चार महिने आधी आणलं असतं तर डोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता. कदाचित. पण आणखी चार महिन्यांनी आणलं असतं तर मुलगी राहिली नसती. हे कदाचित नाही."

पहिलं वाक्यच मला ऐकू आलं. दुसरं ऐकायला फार दिवस लागले.

आम्ही बडोद्याला परतल्यावर हंबीरराव भेटायला आले. चारू पट्टी बांधून झोपली होती. मी त्यांना आत येऊ दिलं, पण बसा म्हटलं नाही.

"काका, फार सफाईदार हात आहे तुमचा," मी म्हणाले. "इतका सफाईदार की तिच्या आईला चार महिने कळलं नाही."

"हो," ते म्हणाले.

एवढंच. ते मला उलट विचारू शकले असते. तुम्ही तीन वेळा चकाकी बघितलीत आणि प्रत्येक वेळी मुलीला घेऊन डॉक्टरकडे जायचं सोडून कपाटापाशी गेलात, तुमचं काय? त्यांना हे माहीत होतं, रमाकांतनी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं नाही. टोपी हातात धरून ते थोडा वेळ चारूच्या खाटेकडे बघत उभे राहिले आणि गेले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याही डोळ्यांना ब्रश लावला नाही. पुटकुळ्या काढत, डाग काढत, पण डोळे लाल आले तर लालच देत. गिऱ्हाइकं कुरकुरत. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा राक्षसासारखा दिसतो म्हणून एकांनी पाकीट काउंटरवर फेकलं. शेठ त्यांना समजावून थकले. लहान मुलाचा फोटो आला की हंबीरराव पुढच्या दालनात येऊन ते मूल बरोबर आहे का बघत आणि असलं तर त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन निरखत. काही आयांनी मुलांना तिथे न्यायचं सोडलं. नजर चांगली नाही त्या म्हाताऱ्याची, असं आमच्या शेजारच्या शैलाबेन मला म्हणाल्या. मी त्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. मी मानेनेच काहीतरी केलं आणि विषय बदलला.

आणि तरी दर महिन्याला मीच त्यांच्याकडे जात होते.

कारण उजवा डोळा होता. असं दुखणं दुसऱ्या डोळ्यातही निघू शकतं, सात वर्षांची होईपर्यंत जपायचं, असं मुंबईला सांगितलं होतं. डॉक्टर भूल देऊन तपासत, पण ते काही महिन्यांनी एकदा. मधल्या दिवसांचं काय? मी विचारलं, फोटो काढत राहू का? ते म्हणाले, त्यावर विसंबू नका, पण तुम्हाला धीर येत असेल तर काढा.

म्हणून महिन्याचा पहिला रविवार ठरला. कमाटीबाग, वाघाचा पिंजरा, तेच झाड, तीच सावली. दुसरीकडेही फ्लॅश उडाला असता, पण तीच जागा, तेवढंच अंतर ठेवलं तर फरक ओळखू येईल असं हंबीररावांनी सांगितलं होतं. कठड्यापासून पाच पावलं. चारूला तो वाघाला भेटायचा दिवस वाटे. तिची उंची वाढत गेली, फ्रॉक बदलले, दात पडले आणि आले. मागे वाघ हळूहळू हडकत गेला.

सोमवारी मी रीळ द्यायची, गुरुवारी जायची. हंबीरराव भिंग लावून बघत आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राही. ज्या लालीला आम्ही सगळे नावं ठेवत होतो, तेवढी एक गोष्ट आता मला हवी होती.

"लाल आहे, वहिनी," ते म्हणत, आणि मी घरी येई. आमच्यात दुसरं काही बोलणं नव्हतं. मी त्यांना क्षमा केली होती असं म्हणता येणार नाही. त्यांच्यावाचून माझा महिना जात नव्हता, एवढं खरं.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. चारूला सात वर्षं पूर्ण झाली होती, मी वर्ष संपेपर्यंत फोटो चालू ठेवायचे ठरवले होते. त्या गुरुवारी दुकानात गर्दी होती. परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवे असलेली कॉलेजची मुलं रांगेत उभी होती. हंबीररावांनी बाहेरच, काउंटरवर फोटो घेतला. भिंग लावलं. काढलं. शर्टाच्या टोकाने पुसलं. पुन्हा लावलं. फोटो उजेडाकडे धरला, मग जवळ, मग लांब.

मी काउंटर धरला.

"वहिनी, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही? डोळ्यात काय आहे?"

"तिच्या नाही. माझ्या." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "धुकं आहे. लाल आहे की पांढरं ते मला सांगता येत नाही."

शेठ गिऱ्हाइकांकडे बघत गल्ल्यावरून उठले. "हंबीरभाई, धीरे बोलो ने. घराक ऊभा छे."

"हळू बोलून, झाकून ठेवून काय होतं ते एकदा बघितलंय, शेठ," हंबीरराव म्हणाले, आणि आवाज उतरवला नाही. रांगेतली मुलं वळून बघत होती. "मागच्या महिन्यातही धूसर वाटलं होतं. मी समजलो भिंगाला तेल लागलंय. पुसलं आणि लाल म्हणून सांगितलं. तो महिना धरू नका, वहिनी. घरी तो फोटो काढा आणि पुन्हा बघा. त्याच्या आधीचे बरोबर आहेत, त्याची मी शपथ घेतो. मागच्या महिन्याची घेत नाही."

त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. "हा आता तुम्ही बघा. डोळ्याला टेकवा, आणि फोटो वर आणा, मान खाली नेऊ नका."

मी लावलं. पहिल्यांदा सगळं हललं. मग वाघाचे दोन हिरवे ठिपके आले. मग चारूचा गाल, मग डावा डोळा, काचेचा, त्यात काहीच नाही. मला पुढे सरकवेना. बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते. मी फोटो बोटभर सरकवला.

"लाल आहे," मी म्हणाले.

"नीट बघा. घाई करू नका. आणखी एकदा सांगा."

"लाल आहे, काका."

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच दुधाळ पडदा आलेला होता. मला इतक्या दिवसांत दिसला नव्हता. मी दर महिन्याला त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचे डोळे मी एकदाही बघितले नव्हते.

त्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, शेठनी दोनदा बोलावणं पाठवलं. "दिसतं," ते मला म्हणाले, "पण कधी दिसेनासं होईल ते मला आधी कळत नाही. हे कळल्यावर त्या खुर्चीत बसू नये." भिंग त्यांनी परत घेतलं नाही. मागच्या महिन्याचा फोटो मी घरी जाऊन बघितला होता. तोही लाल होता. हे सांगायला मी छाणीला त्यांच्या खोलीवर गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहा प्यायले.

हंबीरराव जाऊन आता वीस वर्षं झाली. वाघ त्याच्या कितीतरी आधी गेला. चारू पस्तीस वर्षांची आहे, पुण्याला असते, आणि नऊ आठवड्यांपूर्वी तिला मुलगी झाली. एका डोळ्याचं दुखणं असेल तर ते पुढच्या पिढीत यायची शक्यता कमी, असं डॉक्टर म्हणतात. कमी म्हणजे शून्य का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, नाही. पहिली तपासणी ठीक झाली. दुसरी मंगळवारी आहे. मी रविवारी निघते आहे.

चारू रोज फोनवर बाळाचे फोटो पाठवते. मी भिंग लावून बघते. सगळ्या फोटोंत दोन्ही डोळे काळे आहेत, जांभळासारखे. काल मी तिला विचारलं, एकातही लाली कशी नाही? ती म्हणाली, "आई, हल्ली फोन स्वतःच ती काढून टाकतो. आपल्याला काही करावं लागत नाही."

मी कपाटातून वसंतभावजींनी आणलेला तो कॅमेरा काढला आणि नवे सेल घातले. थोड्या वेळाने फ्लॅशशेजारचा बारका दिवा लागला. इतक्या लहान बाळावर तो उडवायचा की नाही ते डॉक्टरांना विचारायचं आहे. रीळ आता दुकानात सहज मिळत नाही. एक मागवलंय. शनिवारपर्यंत येईल म्हणाले आहेत.